तिसऱ्या खंडातली पोरगी

१८ जानेवारी

प्रिय खुळ्या,

तुझं पत्र पोचलं. चार पानांतली तीन पुस्तकाची! आईचे गुडघे एका ओळीत, माझी विचारपूस अर्ध्या ओळीत, आणि स्वतःबद्दल ‘मी बरा आहे’, तेही समासात. तुरुंगात गेल्यावर माणसाला घर आठवतं म्हणतात. तुला काय आठवलं, तर दुसऱ्या खंडाचा राहिलेला अर्धा भाग. धन्य आहे बाबा तुझी.

मी असलं काही वाचत नाही हे तुला ठाऊक आहे. दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात बसून लोकांच्या कपड्यांची भोकं रफू करायची, डोळ्यांचं पाणी पाणी होतं. संध्याकाळी आणखी हजार ग्रहांचं साम्राज्य कोण घेऊन बसणार? पण तू लिहिलंस, ‘ताई, इथं भिंतीशिवाय बघायला काही नाही, निदान ती पोरगी पुढं काय करते एवढं तरी कळू दे.’ मग गेले वाचनालयात. शिव्या घालतच गेले, पण गेले.

मला वाटलं होतं, मिळणारच नाही. ज्या पुस्तकापायी तुम्हाला उचललं ते कपाटात कसं राहील? पण होतं की! तिन्ही खंड, धूळ खात. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘बंदी घालायला आधी कुणीतरी वाचावं लागतं.’ तिसऱ्या खंडावर तर एकही शिक्का नाही. तुमचे खंड मात्र मुद्देमाल म्हणून सील होऊन पडलेत.

तुमच्या वाचनमंडळाचा तो नियमही आता मला नीट कळला. गुरुवारी टायरवाल्याच्या माडीवर पाच जणांनी जमायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, चौघांनी ऐकायचं, आणि पुढचं पान घरी नेऊन कुणी चोरून वाचायचं नाही. शेंबड्या पोरांच्या शपथा नुसत्या! तू मोजणी खात्यात नकाशे काढणारा, मास्तर शाळेत गणित शिकवणारे, चांगले बाप्ये तुम्ही. आणि नियम पाळलात तोही असा, की पाचांतल्या एकालाही शेवट माहीत नाही. पोलिसांनी ठोकून विचारला असता तरी सांगता आला नसता.

नकाशा तेवढा काढायला नको होतास. मास्तर म्हणाले, ‘गोष्टीतलं शहर काही डोळ्यांपुढं येत नाही,’ की निघाले हे पट्टी-पेन्सिल घेऊन. वेशी, पहारे, दारूगोळ्याचं कोठार, कोठाराखालचं भुयार, सगळं प्रमाणात. मला चौकशीला बोलावलं तेव्हा साहेबांनी तोच पुढ्यात पसरला. ‘हे शहर कुठलं?’ म्हटलं, ‘पुस्तकातलं.’ ‘पुस्तकातलं, मग इतकं नीट कसं काढलं?’ आता यावर काय बोलणार? तुला जरा कामचुकारपणा जमला असता तर आज घरी असतास. आता तो नकाशा म्हणजे कट, आणि तुम्ही कटवाले.

तिघांनी माफी लिहून दिली, सुटले. उरलात तू आणि मास्तर. एका बराकीत आहात एवढं तरी बरं.

तर ठरलं. पंधरवड्याला एक पत्र, चार पानं. ‘कौटुंबिक मजकूर व करमणूक’ चालेल असं फाटकावर लिहिलंय, तेव्हा ही करमणूक. पत्र तपासणारे साहेब, नमस्कार. तुम्ही आधी वाचणारच आहात. काळी शाई जपून वापरा, मागचा-पुढचा धागा तुटतो.

तुझी
ताई


३ फेब्रुवारी

प्रिय खुळ्या,

दुसरा खंडही संपवला. हसू नकोस.

आईला मोठ्यानं वाचून दाखवते, म्हणून पहिल्या खंडाची गोष्ट तिला आधी सांगावी लागली. साम्राज्य इतकं अवाढव्य की राजधानीतून निघालेला हुकूम पोचेपर्यंत हुकूम सोडणारा म्हातारा होतो. मग धाक ठेवायचा कसा? तर प्रत्येक ग्रहावर एकच सुभेदारीण, कधी न मरणारी. मरते तशी, पण लोकांना कळू देत नाहीत. तिच्या बांध्याची दुसरी कुणीतरी धरून आणायची, तिला मेलेलीचा चेहरा चढवायचा, आवाज चढवायचा, आणि द्यायचं गादीवर बसवून. आपली पोरगी तशीच मिठागरातून उचललेली. तिचं नाव मी घेत नाही, ते उच्चारता उच्चारता दात पडतील. माझ्यापुरती ती पोरगी. तिचा मूळ चेहरा एका साच्यात धरून ठेवलाय आणि साचा दिवाणाच्या तिजोरीत आहे.

‘किल्ली कुणाकडं?’ आईनं विचारलं.

‘दिवाणाकडंच.’

‘मग कसला मिळतोय परत!’

राज्यकारभार आईला पहिल्या फटक्यात कळतो. मला चार वेळा पान उलटावं लागतं. दिवाण सेनापतीवर टपलेला, सेनापती राजधानीच्या दूतावर टपलेला, आणि तिघंही एका पंगतीला. पोटात एक, ओठात एक. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. रोज सकाळी दासी आरसा धरते, तेव्हा ही पोरगी डोळे मिटून घेते आणि म्हणते, ‘छान.’ वर्षानुवर्षं. दासीला वाटतं सुभेदारीणबाई खूश आहेत. त्या पानावर मी अडकले ते अडकलेच. दुसऱ्या दिवशी दुकानात मालक म्हणाले, ‘बाई, सुई हातात धरून कुठं बघताय?’

भुयाराचं प्रकरण मात्र डोक्यावरून गेलं. बंडखोर आत शिरतात ते कोठाराखालून की पागेखालून? तुझा नकाशा हाताशी हवा होता. म्हटलं पोलिसांकडं मागावा का जरा वेळ. नको बाई, आगीतून फुफाट्यात.

खंड संपतो तो असा. बंडखोरांतला एक जण जिवंत सापडतो. हात बांधून दरबारात आणतात. पोरगी गादीवरून बघते, तर तो तिच्याच आळीतला, लहानपणी दोघांनी बरोबर मीठ ओढलेलं. ती त्याला ओळखते. तो तिला कुठून ओळखणार? त्याच्या समोर सुभेदारीण बसलेली! आणि तिथंच संपवला खंड. मी पुस्तक आपटलं. आई म्हणाली, ‘या लिहिणाऱ्यांना लाज नाही.’

परवा दुकानात एक नवं गिऱ्हाईक आलं. उंची लोकरीचा कोट, खांद्याला कसर लागलेली. म्हणाले, ‘असं करा, की कुणाला कळता कामा नये.’ फार गोड बोलणं. जाता जाता विचारतात, ‘आईचे गुडघे कसे आहेत?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला काय माहीत आईच्या गुडघ्यांचं?’ तर हसले. ‘या वयात सगळ्यांच्याच आईंचे दुखतात हो.’

स्वेटर पाठवलाय. तुला देतात की तिथला कुणी घालून मिरवतो, ते कळव.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय खुळ्या,

माझी पत्रं तू बराकीत मोठ्यानं वाचतोस? सगळ्यांपुढं? अरे, मला आधी सांगायचं नाही का! आईच्या गुडघ्यांचं, माझ्या दातांचं, सगळं चोरदरोडेखोरांना पाठ झालं असणार. आणि तो कोपऱ्यातला खिसेकापू म्हणतो ‘दिवाणाला मी ओळखतो’, त्याला सांग, आता मीही ओळखते.

तुझ्या पत्रातल्या पाच ओळी काळ्या केल्यात. खालची एक राहिली. ‘मी नाही म्हणालो, ताई.’ कशाला नाही म्हणालास ते मला दुसरीकडून कळलं. माफीचा साक्षीदार. नकाशा याच शहराचा आहे, नावं बदलून काढलाय, मास्तरांनी काढायला लावला, एवढं कोर्टात सांगायचं आणि सुटायचं. या ओळी कुणी काळ्या करणार नाही, बघ तू.

मी काही म्हणत नाही. तू मोठा झालास. नाही सांगितलंस तर चौदा वर्षं, असं ऐकते. आई तोपर्यंत असेल का, हा हिशेब तूच कर. मी काही म्हणत नाही.

गोष्ट ऐक. तिसरा खंड सुरू केला. दिवाण पोरगीच्या महालात येतो, दासींना बाहेर घालवतो, आणि तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तो म्हणतो, उद्या राजधानीचा दूत दरबारात येणार आहे. तू फक्त त्या माणसाकडं बोट दाखवायचं आणि म्हणायचं, बंडाचा म्होरक्या हाच. तो आहे की नाही ते तू बघू नकोस. एवढं केलंस की साचा तुझा. चेहरा घे आणि आपल्या आईकडं जा. गादीवर दुसरी कुणीतरी बसवू. जगात काही अडणार नाही.

ती विचारते, ‘आणि नाही म्हटलं तर?’

तो म्हणतो, ‘तर हाच चेहरा घेऊन म्हातारी हो. तुझी आई एक दिवस दाद मागायला दरबारात येईल, आणि तुला मुजरा करून जाईल.’

आई ऐकता ऐकता उठून बसली. म्हणाली, ‘मग? काय म्हणाली पोर?’ मी सांगितलं, पुढचं अजून वाचलं नाही. तुलाही तेच सांगते. पुढचं अजून वाचलेलं नाही.

कोटवाले पुन्हा आले होते. कोट अजून झाला नव्हता, पण त्यांना घाई नाही. स्टुलावर बसून गप्पाच मारत होते. त्यांना वाचनाची आवड आहे म्हणे. ‘मग काय करते हो ती तुमची पोरगी? शहाण्यासारखं वागली तर बरं, नाही?’ मी त्यांना कधी पोरगीचं सांगितल्याचं मला आठवत नाही. दुकानात सारखं कुणीतरी बोलत असतं, निघालं असेल बोलण्यात.

तुला हे का सांगत बसले कोण जाणे. स्वेटरचं कळवलं नाहीस.

तुझी
ताई


७ मार्च

प्रिय खुळ्या,

वाचून झालं. सगळं.

तू अधीर झाला असशील, तेव्हा सरळ सांगते. पोरगीनं बोट दाखवलं.

दरबार खच्चून भरलेला. दूत उजवीकडं, दिवाण डावीकडं. त्या माणसाला समोर उभा केलेला. ती गादीवरून उठली, हात उचलला आणि म्हणाली, ‘हाच तो.’ तिला वाईट वाटलं. वाटणारच, माणूस आहे ती. पण तिनं विचार केला, की मी नाही म्हटलं तरी याला ते सोडणार आहेत का? नाहीच. मग दोघांनी बुडायचं कशाला? एकानं तरी काठाला लागावं. आणि घरी वाट बघणारं माणूस ज्याला आहे, त्यानं लागावं.

दिवाणानं शब्द पाळला. तिजोरी उघडली, साचा दिला. चेहरा परत बसवायला काही दुखत नाही, सोपं असतं. पोरगी मिठागराकडं परत गेली. दार वाजवलं. आईनं उघडलं, एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘किती वाळलीस! हातपाय धू आणि जेवायला बस.’ बस, एवढंच. कुठं होतीस, काय केलंस, एका शब्दानं विचारलं नाही. संध्याकाळी दोघी उंबऱ्यात बसल्या. आईचे गुडघे दुखत होते, ते पोरगीनं चेपून दिले.

त्या माणसाला शिक्षा झाली, पण फार नाही. दोन वर्षं. आत त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. त्यानं पुढं तिला निरोप धाडला, ‘तू केलंस ते बरोबर केलंस, तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.’

असं आहे. पुस्तक चांगलं आहे. मला वाटलं होतं त्याहून खूप चांगलं.

आईनं काल तुझा पलंग खिडकीकडं सरकवून घेतला. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, ‘तिथं ऊन येतं.’ खुळ्या, ऐक ना. चार लोक काय म्हणतील ते चार दिवस म्हणतील. लोकांच्या तोंडाला झाकण कुणी लावलंय? आणि मास्तर समजूतदार आहेत. त्यांना तू माहीत आहेस. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे नुसते शेकायला येतात.

तुझी
ताई


२४ मार्च

खुळ्या,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं? आणि त्यात काय, तर ‘ताई, पोरगी हल्ली तुझ्यासारखी बोलते.’

बोलत असेल. मी सांगितल्यावर माझ्यासारखीच बोलणार ना! मी काही तुमच्यासारखी शिकलेली नाही. पुस्तकातलं वाक्यनवाक्य माझ्या लक्षात राहत नाही, मी आपलं माझ्या शब्दांत सांगते. तुम्हाला फुकटात गोष्ट मिळते तर तिच्यात कुसळं काढत बसता. काय तर म्हणे, ‘दिवाणानं शब्द पाळला? दोन खंड ज्यानं एकही पाळला नाही, त्यानं?’ पाळला! माणसं बदलत नाहीत का?

कुठलं प्रकरण, कुठलं पान, ते मला विचारू नकोस. खंड मी परत केला. आता तो तिथं नाहीच, कुणीतरी घेऊन गेलं.

आणि तू विचारलंस, ‘स्वतःचा चेहरा परत मिळाल्यावर तिला आरशात कसं वाटलं?’ तसं काही दिलेलं नाही पुस्तकात. बघितला असेल आरसा. बरं वाटलं असेल. घरी आली होती, तिला कसं वाटणार!

रागावून लिहिते आहे. वाचून फाडून टाक. बराकीत वाचू नकोस.

खुळ्या, तू घरी ये. बाकी मला काही कळत नाही. तू घरी ये.

ताई


१४ मे

प्रिय,

पुढं काय लिहू? तुझं नवं नाव मला सांगत नाहीत आणि जुनं लिहायचं नाही म्हणतात. ‘खुळ्या’ चालेल का ते मी विचारलेलं नाही. पाकीट कोरंच त्यांच्या कचेरीत द्यायचं, ते पोचवणार. कुठल्या गावी, कुठल्या घरात, ते विचारलं की सांगतात, ‘त्यांच्याच सुरक्षेसाठी.’

मी कोर्टात आले होते. मागच्या बाकावर बसले होते. तू बघितलं नाहीस, किंवा बघून बघितलं नाहीस. अंगात कुणाचा तरी नवा शर्ट होता, गळ्याला मोठा. तू नकाशावर हात ठेवलास आणि म्हणालास, हा याच शहराचा आहे. मग मास्तरांकडं बोट दाखवलंस. ‘यांनी काढायला लावला.’ आवाज स्वच्छ होता, कुठं अडला नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं की साक्ष झाली, सुटला. आईनं उशीचा अभ्रा बदलला.

घरी पाठवतो असं ते कधीच म्हणाले नव्हते, हे मला नंतर उमगलं. ‘सोडतो’ म्हणाले होते. ‘घरी’ हे मी माझ्या मनानं जोडलं. कोटवाल्यांबद्दल बोलते आहे. आता लपवून काय करायचंय? हे पत्रही बहुधा तेच वाचतील. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा त्यांनी माझं फेब्रुवारीतलं पहिलं पत्र मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. मग म्हणाले, ‘तुमचा भाऊ आमचं ऐकत नाही, वकिलाचं ऐकत नाही. तुमच्या पोरगीचं ऐकेल.’ एवढंच बोलले. धमकी नाही, काही नाही. मी घरी गेले आणि तिसऱ्या खंडातलं दरबाराचं प्रकरण मिटून ठेवलं, आणि माझं मी लिहायला बसले. रफूच करायचं होतं. आयुष्यभर तेच करत आले, मला वाटलं, जमेल.

गेल्या आठवड्यात एका दुपारी नर्सबाई दुकानात आल्या. मास्तरांच्या बायको. दवाखान्यातून थेट, पांढऱ्या कपड्यांतच. मला वाटलं आता या अंगावर येणार. यायला हवं होतं. मालकही उठून मागं गेले. पण त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. मग म्हणाल्या, ‘कालच मुलाखत झाली यांची. यांनी एक निरोप दिलाय.’

मी म्हटलं, ‘सांगा. शिव्या असतील तर त्याही सांगा.’

‘शिव्या नाहीत. ते विचारतात, त्या पोरगीचं खरंच काय झालं?’

मग त्यांनी सांगितलं ते मी तुला सांगते, म्हणजे मला कळलंय हे तुला कळेल. माझं मार्चमधलं पत्र तू बराकीत वाचलंस तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी घरी पोचली म्हणून तो खिसेकापू रडला. मास्तर तेवढे गप्प होते. नंतर तुला म्हणाले, ‘हे पुस्तकातलं नाही. हे ताईंनी रचलंय.’ आणि तू म्हणालास, ‘माहीत आहे. पहिल्या ओळीलाच कळलं. पण मास्तर, माझी ताई कधी खोटं बोलत नाही. ती इतकं खोटं बोलली, म्हणजे बघा.’ मग मला ते पत्र लिहिलंस, मी पुन्हा खोटं बोलले, आणि तू साक्षीच्या कागदावर सही केलीस.

म्हणजे तू फसला नव्हतास. अरे देवा! तू फसला असतास तर ते सगळं माझ्या एकटीच्या माथी आलं असतं, ते मी निस्तरलं असतं. मला तू हवा होतास रे. कसाही, कुणाचाही गळा कापून, पण हवा होतास. हे मी नर्सबाईंच्या तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, ‘मला माहीत आहे. मलाही माझा माणूस हवा होता.’

मास्तरांना मी लिहू शकत नाही. नातेवाइकांनाच परवानगी आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं, की मी वाचायचं आणि नर्सबाईंनी लिहायचं. तिसरा खंड माझ्याच ट्रंकेत होता, परत केलाच नव्हता. दुपारच्या सुट्टीत त्या येतात, इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितात. अक्षर सुरेख आहे त्यांचं. मी मध्येच काही गाळते का, म्हणून अधूनमधून पानावर नजर टाकतात. टाकू देत.

आज दरबाराचं प्रकरण आलं. मी वाचलं, जसं छापलंय तसं. पोरगी गादीवरून उठते, त्या माणसापुढं येऊन उभी राहते आणि सुभेदारणीच्या आवाजात म्हणते, ‘मी याला ओळखत नाही. यानं काही केलेलं नाही.’ दिवाण साचा मागवतो आणि तिच्या देखत फोडतो. बारीक बारीक तुकडे होईपर्यंत.

नर्सबाईंनी पेन थांबवलं. ‘तिला सोडतात का?’

‘नाही. तशीच म्हातारी होते. आई दाद मागायला येते ते प्रकरणही आहे पुढं.’

‘आणि त्याला?’

‘त्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी मारतात.’

मी पुस्तक खाली ठेवलं आणि बोलून गेले. इतके दिवस मनात होतं ते सगळं. म्हटलं, ‘बघा ना, म्हणूनच बदललं मी. नाही म्हणून मिळालं काय? तिला चेहरा नाही, त्याला जीव नाही, म्हातारीला लेक नाही. कुणाचं भलं झालं सांगा. असलं लिहितात कशाला?’ मी रडत होते की भांडत होते, माझं मला कळत नव्हतं. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, ते तसंच परत गेलं.

त्यांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, ‘ती जे म्हणाली, मी याला ओळखत नाही, यानं काही केलेलं नाही. ते त्याला ऐकू गेलं का?’

मी पान पुन्हा बघितलं. ‘हो. तो समोरच उभा होता.’

‘मरायच्या आधी ऐकलं त्यानं?’

‘ऐकलं.’

‘मग सांगा पुढं,’ त्या म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

ताई